आधी डोळा, मग दुर्बीण

२०२४ साली मार्गशीर्षातील अमावास्या डिसेंबरच्या अगदी अखेरीस आली होती. शाळांना नाताळची सुट्टी होती आणि माझा नातू पुण्याहून आमच्या गावी राहावयास आला होता. तो सहावीत शिकतो. आल्या दिवशी संध्याकाळी त्याने आपल्या पिशवीतून एक वस्तू मोठ्या जपणुकीने बाहेर काढली. ती पाहून मला प्रथम वाटले, हा नव्या तऱ्हेचा एखादा थर्मास असावा. उंची वीतभराहून थोडी अधिक, वजन जेमतेम अडीच किलो, आणि खाली तीन बुटके पाय.

“आजोबा, ही दुर्बीण आहे,” तो म्हणाला.

मी ती वस्तू सर्व बाजूंनी न्याहाळली. दुर्बिणीला डोळा लावण्याची जागा असते, एवढे मला ठाऊक होते. हिला ती कोठेच नव्हती.

“मग पाहायचे कोठून?” मी विचारले.

“मोबाइलवर!”

मुलांनो, मी भाषेचा शिक्षक. आकाश हा माझा विषय नव्हे. तथापि मी ज्या शाळेत नोकरीस लागलो, तिच्या कपाटात एक लहानशी दुर्बीण होती आणि त्या कपाटाची किल्ली योगायोगाने माझ्या हाती आली. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला, तेव्हा पहाटेच्या थंडीत कांबळी पांघरलेली चाळीस मुले पटांगणात रांगेने उभी केली होती. एकेकाने दुर्बिणीत डोकावले आणि बहुतेकांनी मान वर करून एकच प्रश्न विचारला, “सर, एवढेच?” तरीही ती रांग मोडली नाही. तेव्हापासून मला आकाशाचा नाद लागला तो आजतागायत. म्हणून डोळा लावण्याची जागाच नसलेली ही दुर्बीण पाहून माझे मन किंचित खट्टू झाले, हे मी प्रथमच कबूल करून टाकतो.

रात्री आठच्या सुमारास आम्ही परसात गेलो. नातवाने दुर्बीण एका सपाट फरशीवर ठेवली, मोबाइलच्या पडद्यावर देवयानी दीर्घिकेचे नाव शोधले आणि त्यावर बोट टेकवले. बारीक घरघर करीत दुर्बिणीने आपली मान वर उचलली, इकडेतिकडे वळवली आणि थांबली. ती काय करीत होती, ते मला मागाहून समजले. आपले तोंड ज्या दिशेला आहे तेथील ताऱ्यांचे ती एक चित्र घेते. त्या ताऱ्यांची ठेवण आपल्या स्मरणात साठवलेल्या नकाशाशी ताडून पाहते. त्यावरून आपण नेमके कोठे पाहत आहोत हे ती ठरवते आणि मग हव्या त्या जागेकडे सरकते. वाट चुकलेला माणूस जसा मैलाचा दगड शोधतो, तसाच हा प्रकार. अशा दुर्बिणींना ‘स्मार्ट दुर्बीण’ म्हणतात. नातवाजवळ होती ती ‘सीस्टार एस५०’ नावाची, २०२३ साली बाजारात आलेली. तिचे भिंग केवळ ५० मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे तुमच्या तळहातातही सहज मावेल एवढे.

दहा सेकंदांनी पडद्यावर एक धुरकट डाग उमटला. आणखी काही चित्रे त्यात मिसळली आणि डागाला आकार आला. वीस मिनिटांनी पाहतो तो त्या डागाची एक तेजस्वी, लांबट तबकडी झाली होती. तिच्या कडेने काळसर पट्टे वळसा घेऊन गेले होते आणि सभोवती बारीक ताऱ्यांचा सडा पडला होता. नातवाचा चेहरा आनंदाने फुलून गेला. माझाही फुलला असावा. पण शिक्षकाची जन्मजात खोड. ती थोडीच जाते? मी विचारले,

“चित्र फार सुंदर आले. पण ही दीर्घिका आकाशात आहे कोठे? बोटाने दाखव पाहू.”

त्याने मोबाइलकडे पाहिले. मग दुर्बिणीचे तोंड जिकडे होते तिकडे पाहिले. मग कडुनिंबाच्या शेंड्यावरच्या साऱ्या आकाशावरून हात फिरवून तो म्हणाला, “तिथेच कुठेतरी.”

त्या ‘कुठेतरी’ने मला बोलते केले. मी त्याला पश्चिमेकडे कललेला भाद्रपदांचा मोठा चौकोन दाखवला. त्याच्या वरच्या कोपऱ्यापासून निघालेली ताऱ्यांची ओळ दाखवली. त्या ओळीतील दुसऱ्या ठळक ताऱ्यापाशी थांबून शर्मिष्ठेच्या दिशेने वळावे. वाटेत दोन मंद तारे लागतात. दुसऱ्याच्या शेजारी नजर स्थिर करावी. तीही अगदी नेमकी नव्हे, किंचित बाजूला. कारण अंधूक प्रकाश आपल्या डोळ्याला कडेने अधिक चांगला दिसतो. दोन वेळा तो चुकला. तिसऱ्या वेळी एकदम ओरडला,

“दिसला! अगदी पुसट आहे, पण आहे!”

मुलांनो, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा तो पुसट ठिपका आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. त्या रात्री नातवाच्या डोळ्यांत शिरलेला प्रकाश जेव्हा तेथून निघाला, तेव्हा आपल्यासारखा माणूस या पृथ्वीवर अवतरलाही नव्हता. दहाव्या शतकात पर्शियातील अल् सूफी या ज्योतिर्विदाने याच ठिपक्याची ‘लहानसा ढग’ म्हणून नोंद करून ठेवली आहे.

मी विजयी मुद्रेने उभा होतो. एवढ्यात नातवाने पडदा माझ्यापुढे धरला. “आजोबा, तुम्ही इतकी वर्षे पाहत आला आहात ना? मग हिच्या जवळचे हे दोन लहान गोळे कोणते?”

मी चष्मा पुसून पाहिले. मोठ्या तबकडीच्या एका बाजूस एक वाटोळा गोळा होता आणि दुसऱ्या बाजूस, चित्राच्या कडेशी, एक अंधूक, लांबोडका ठिपका. मी इतकी वर्षे या दीर्घिकेकडे पाहत आलो. परंतु ते दोघे माझ्या कधीच ध्यानात आले नव्हते. शोध घेता कळले की, त्या तिच्या दोन सोबती दीर्घिका आहेत आणि मेसिए या फ्रेंच ज्योतिर्विदाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या यादीत त्यांचे क्रमांक ३२ आणि ११० आहेत. त्या रात्री मी गप्प बसलो. मात्र झोपण्यापूर्वी एवढे सांगितलेच की, “तुझ्या चित्रात ती दीर्घिका सबंध मावलेली नाही. तिची लांबी आकाशात शेजारी शेजारी ठेवलेल्या सहा पौर्णिमेच्या चंद्रांएवढी आहे. तुला लाभला आहे तो तिचा मधला भाग.” आता गप्प बसण्याची पाळी त्याची होती.

त्या रात्रीपासून मी या प्रश्नाचा विचार करीत आहे. हे यंत्र मुलांच्या हाती द्यावे की न द्यावे? माझ्या वयाची पुष्कळ माणसे म्हणतील, देऊ नये. त्यात कष्ट नाहीत, आणि कष्टावाचून मिळालेले ज्ञान टिकत नाही. मला हे म्हणणे अर्धेच पटते.

आपल्या डोळ्याची एक मर्यादा आहे. तो हातावर पोट असलेल्या मजुरासारखा आहे. क्षणात मिळालेला प्रकाश तो क्षणात खर्च करून टाकतो. साठवून ठेवणे त्याला जमत नाही. तासभर टक लावून पाहिले म्हणून अंधूक वस्तू अधिक उजळ दिसू लागत नाही. छायाचित्राची काच मात्र थेंबाथेंबाने प्रकाश साठवते. १८८० साली अमेरिकेतील हेन्री ड्रेपर यांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा त्यांना काच ५१ मिनिटे उघडी ठेवावी लागली. पुढे १८८३ साली इंग्लंडमधील अँड्र्यू कॉमन यांनी त्याच तेजोमेघाचे जे छायाचित्र घेतले, त्यात त्यांच्या दुर्बिणीतून डोळ्याला न दिसणारे तारेही उमटले. म्हणजे माणसाचा डोळा जेथे थकतो, तेथून कॅमेऱ्याचा रस्ता सुरू होतो, हे सुमारे १४० वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. हे दोघेही हौशी होते, हे तुम्ही ध्यानात ठेवा. ड्रेपर पेशाने डॉक्टर होते, तर कॉमन सांडपाणी व स्वच्छता-व्यवस्थेच्या क्षेत्रातील अभियंते.

आपले पुणेही त्या काळी या उद्योगात मागे नव्हते. भावनगरच्या महाराजांच्या साहाय्याने कावसजी दादाभाई नायगमवाला या प्राध्यापकांनी पुण्यात वेधशाळा उभारली. तेथील २० इंची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती. मृगातील याच तेजोमेघाच्या प्रकाशाचा त्यांनी अभ्यास केला आणि १८९१ साली तो विलायतेत प्रसिद्धही झाला. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि ती दुर्बीण कोडाइकनालला गेली. पुण्यातील किती मुलांना ही हकिकत ठाऊक असेल, कोण जाणे! असो.

पूर्वी एकाच काचेवर तासन् तास प्रकाश पाडीत असत. आता तसे करीत नाहीत. नातवाची दुर्बीण दहा दहा सेकंदांची शेकडो लहान चित्रे घेते आणि ती एकमेकांवर अचूक बसवते. याने काय साधते, हे समजण्यास मला माझाच विषय उपयोगी पडला. जुन्या ग्रंथांच्या हस्तलिखित पोथ्या तुम्ही ऐकून असाल. नकलणारा प्रत्येक जण कोठे ना कोठे चुके. पण सर्व जण एकाच जागी चुकत नसत. म्हणून अनेक पोथ्या शेजारी ठेवून ताडून पाहिल्या की, मूळ पाठ हाती येई. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती अशाच काळजीने. कॅमेऱ्यातील प्रत्येक लहान चित्र हीदेखील आकाशाची एक चुकांनी भरलेली पोथीच होय. त्यात विजेच्या खळबळीने उठलेले खोटे ठिपके असतात. मधूनच एखादा कृत्रिम उपग्रह रेघ ओढून जातो. परंतु खोटा ठिपका दर वेळी निराळ्या जागी पडतो आणि खरा तारा प्रत्येक चित्रात त्याच जागी असतो. शंभर चित्रांची सरासरी काढली, तर हा गोंधळ एका चित्राच्या मानाने दसपट कमी होतो. चारशे चित्रांनी तो वीसपट कमी होतो. पहा, चित्रे चौपट केली तेव्हा लाभ दुप्पट झाला. आकाश कोणाला फुकट काही देत नाही. तेव्हा कळ दाबली की चित्र आले, असे जे म्हणतात, ते या यंत्राने चालवलेले कष्ट पाहत नाहीत.

मग माझा अर्धा आक्षेप कशाला आहे?

तो समजण्यासाठी विल्यमिना फ्लेमिंग या बाईंची हकिकत ऐका. स्कॉटलंडहून अमेरिकेत आलेली ही गरीब स्त्री हार्वर्ड वेधशाळेचे प्रमुख एडवर्ड पिकरिंग यांच्या घरी मोलकरीण म्हणून कामास राहिली. तिची हुशारी पाहून त्यांनी तिला वेधशाळेत काम दिले. तिचे काम दुर्बिणीशी बसण्याचे नव्हते. इतरांनी रात्री घेतलेल्या आकाशाच्या काचा दिवसा तपासणे, हे तिचे काम. १८८८ साली पिकरिंग यांच्या भावाने मृगाच्या बाणाजवळचे एक छायाचित्र घेतले होते. ती काच तपासताना बाईंना बाणातील एका ताऱ्याच्या दक्षिणेस उजळ पट्ट्यात एक लहानशी काळी खाच आढळली. ती त्यांनी नोंदवून ठेवली. आज जगभर प्रसिद्ध असलेला घोड्याच्या डोक्याच्या आकाराचा तेजोमेघ तो हाच! छायाचित्र घेणारा दुसरा, दुर्बीण दुसऱ्यांची. परंतु पाहिले ते बाईंनी. पुढे तेजोमेघांची जी सूची छापली गेली, तिच्यात बाईंचे नाव न घालता केवळ पिकरिंग हे नाव घातले गेले. तो अन्याय दूर होण्यास फार काळ लागला.

फ्लेमिंगबाईंच्या हातीही तयार चित्रच आले होते. ते पाहणे मात्र त्यांचे स्वतःचे होते. माझा आक्षेप असलाच तर तो न पाहण्याला आहे. सुट्टीच्या पहिल्या चार रात्रींत माझ्या नातवाने २३ चित्रे जमवली. एकही त्याने दोन मिनिटांपेक्षा अधिक वेळ पाहिले नव्हते. पोस्टाची तिकिटे जमवावीत तशी ती जमली होती. आणि तिकिटे जमवणारा निदान देशाचे नाव तरी वाचतो.

यावर नातवाने मला एक चांगला प्रश्न विचारला. “आजोबा, एसटीने आजोळी जाणाऱ्याला रस्ता ठाऊक असलाच पाहिजे का? ड्रायव्हरला ठाऊक असला म्हणजे झाले.” मी म्हटले, “खरे आहे. पण जो दर वर्षी खिडकीशी बसून जातो, त्याला घाट कधी आला, नदी कधी आली, हे न सांगता कळते. आणि जो सारा रस्ता झोपून जातो, त्याला आजोळ कोणत्या दिशेला आहे हेही सांगता येत नाही.” त्याला हे सर्वस्वी पटले असे मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी आम्ही एक करार केला. ज्या वस्तूचे चित्र घ्यायचे, तिची जागा प्रथम आकाशात बोटाने दाखवायची. मगच मोबाइलला हात लावायचा. आणि चित्र आल्यावर ते पुरती पाच मिनिटे पाहून, जे दिसले ते वहीत लिहायचे: तारीख, वेळ, किती चित्रे मिसळली, आकाश कसे होते, आणि नवे काय दिसले.

रंगांविषयीही वहीत एक नोंद करावी लागली. मृगाचा तेजोमेघ चित्रात तांबूस-गुलाबी येतो. माझ्या जुन्या दुर्बिणीतून तो राखी, फार तर किंचित हिरवट दिसे. “यातले खरे कोणते?” असे नातवाने विचारले. दोन्ही खरे. अंधुक उजेडात आपल्या डोळ्याला रंग ओळखता येत नाहीत, म्हणून तो राखी दिसतो. तेथील तप्त हायड्रोजन वायू तांबडा प्रकाश देतो आणि कॅमेरा तो टिपतो, म्हणून तो तांबूस येतो. एक गोष्ट मात्र खरी नव्हे. काही नव्या मोबाइल फोनांत अशी युक्ती असते की, चंद्राचे अस्पष्ट छायाचित्र घेतले तरी यंत्र आधी शिकवलेल्या अनेक चंद्रचित्रांवरून त्यातील खाचखळगे आपणच भरून टाकते. छायाचित्रे स्वच्छ करणाऱ्या काही साधनांतही असाच मोह असतो. जो प्रकाश भिंगातून आलाच नाही, तो चित्रात आला कोठून, हे विचारण्याची सवय तुम्हांला असली पाहिजे. परीक्षेत शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलेले उत्तर बरोबर असले तरी ते आपले नसते. हे तुम्हांला मी सांगावयास नको.

लक्षपूर्वक पाहण्याने आजही काय घडते, ते पहा. देवयानी दीर्घिकेची छायाचित्रे जगात लाखो जणांनी घेतली आहेत. तिच्याजवळ आता नवे काय सापडणार, असे कोणालाही वाटेल. पण २०२२ साली यान सेंटी, झेव्हिए स्ट्रॉटनर आणि मार्सेल ड्रेक्सलर या हौशी मंडळींना तिच्याजवळ ऑक्सिजनच्या निळसर प्रकाशाची एक भली मोठी कमान आढळली. तोवर ती कोणाच्याही ध्यानात आली नव्हती. त्यांनी ऑक्सिजनचाच प्रकाश आत येऊ देणारी गाळणी वापरली आणि शंभराहून अधिक तासांचा प्रकाश गोळा केला. प्रथम त्यांना वाटले, हा आपल्याच यंत्राचा दोष असावा. तसा तो नाही याची खात्री दुसऱ्यांकडून करून घेतल्यावरच, २०२३ च्या जानेवारीत, त्यांनी शोध जाहीर केला.

दुसरी गोष्ट त्याच वर्षीची. सप्तर्षींच्या शेपटीतील वसिष्ठ आणि मरीची या ताऱ्यांजवळ, सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षांवर एक चक्राकार दीर्घिका आहे. १९ मे २०२३ रोजी जपानमधील कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकांना तिच्यात एक नवाच ठिपका दिसला. एक प्रचंड तारा स्फोट होऊन उजळला होता! ही वार्ता पसरताच इतर हौशी मंडळींनी आपापली ताजी चित्रे काढून पाहिली. तो काय, काहींच्या चित्रांत इतागाकींच्या आधी काही तास तोच ठिपका उमटलेला होता! चित्र होते; पाहणे राहून गेले होते. नातवाला मी ही हकिकत सांगितली, तेव्हापासून तो पाच मिनिटांविषयी कुरकुर करीत नाही.

आता एक तक्रार. ती या दुर्बिणीविषयी नव्हे, आपणा मोठ्या माणसांविषयी आहे. आमच्या गावात चौकात एक उंच खांब आला आणि त्यावर सहा दिवे लागले. ते रस्त्यावर प्रकाश पाडतात तेवढाच आभाळातही उधळतात. गावच्या पटांगणातून पूर्वी आकाशगंगेचा पट्टा दिसे. आता तो पाहण्यासाठी मला परसाच्या पलीकडे, डोंगराच्या आडोशाला जावे लागते. नातवाच्या दुर्बिणीत दिव्यांचा बराचसा प्रकाश अडवणारी गाळणी आहे, म्हणून पुण्याच्या गच्चीवरूनही ती काही तेजोमेघ टिपते. हे यंत्राचे कौतुकच. परंतु यंत्राला शहरातूनही दिसते, तेव्हा डोळ्याला न दिसले तरी चालेल, असे आपण म्हणू लागलो तर ते मला मान्य नाही. दिव्यांना वरून झाकण घातले, तर उजेड रस्त्यावर अधिक पडतो आणि आकाशही उरते. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्रप्रकल्पाने बाहेरचे दिवे असेच खाली वळवून आपला अंधार राखला आणि २०२४ च्या जानेवारीत त्याला देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. वाघांसाठी राखलेल्या रानात ताऱ्यांनाही जागा मिळाली, याचा मला फार आनंद वाटतो.

तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आले असेल की, आमच्याजवळ असली दुर्बीण नाही, मग आम्ही काय करावे? तिची किंमत चांगल्या मोबाइल फोनाएवढी आहे. ती घरोघरी येणार नाही, हे मी जाणतो. पण एखाद्या शाळेने किंवा वाचनालयाने एक घेतली, तर ती शंभर मुलांच्या उपयोगी पडेल, आणि पडद्यावरचे चित्र वीस जणांना एकदम पाहता येईल; डोळा लावण्यासाठी रांगही नको. माझ्या १९८६ च्या रांगेतील शेवटच्या मुलापर्यंत पोहोचता पोहोचता पहाट उजाडली होती आणि त्याला काहीच दिसले नव्हते. तो मुलगा आज पन्नाशीचा आहे. भेटला की अजून त्याची आठवण काढतो. त्या पहाटे असे यंत्र असते, तर मी ते दोन्ही हातांनी घेतले असते. ते येईपर्यंत मात्र बोट, डोळा आणि वही यांना पैसे पडत नाहीत. कृत्तिकांत किती तारे दिसतात हे मोजावे, मृगाच्या बाणाखाली धूसर तारा शोधावा, देवयानीचा ठिपका सापडतो का पाहावे. पुढे कधी एखाद्या दुर्बिणीपाशी बसण्याचा योग आला, तर तिला कोठे न्यायचे हे तुम्हांला आधीच ठाऊक असेल.

जानेवारीत नातू पुण्याला परत गेला. वही त्याच्याबरोबर गेली. पावसाळा सुरू झाला, तशी दुर्बीण कपाटात गेली. त्यानंतर त्याचे मला एक पत्र आले. पत्रच, मोबाइलवरचा निरोप नव्हे. त्यात त्याने आपल्या वहीतील यादी उतरून पाठवली होती. एकूण ३१ नावे. त्यांपैकी १९ नावांपुढे ‘बोट’ या रकान्यात बरोबरची खूण. खेकड्याच्या तेजोमेघापुढे मात्र खूण नव्हती. १०५४ साली चीनमधील लोकांनी भर दिवसा पाहिलेल्या स्फोटाचा हा अवशेष वृषभाच्या एका शिंगाच्या टोकाजवळ आहे. पण नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. “मी शिंगाचे टोक ओळखले आणि त्याच्या बाजूची रिकामी जागा बोटाने दाखवली, तर खूण करता येईल का?” असे त्याने विचारले होते.

करता येईल, असे मी त्याला उलट टपाली कळवले.